तंबूची डागडुजी: नागपूरच्या इतवारीतल्या ताडपत्रीवाल्या काकाजींकडे

मेलबर्नला लेकीकडे जायचं आणि तिथून विल्सन्स प्रॉमन्टरी राष्ट्रीय उद्यानात, समुद्राकाठच्या टायडल रिव्हर कॅम्पग्राउंडवर चार रात्री तंबूत राहायचं ठरलं. तंबू माझाच, सहा वर्षं जुना. चेन अडकायची, आणि तळाला खिंडसी तलावाच्या काठची काळी माती वाळून घट्ट बसलेली. ऑस्ट्रेलियात वापरलेलं कॅम्पिंगचं सामान विमानतळावर जाहीर करावं लागतं. माती किंवा बी दिसलं की अडवतात.

काकाजींनी आधी तंबू दुकानापुढे पूर्ण उभा करायला लावला, मगच चेनला हात घातला. “ताई, चेन चांगली आहे, रनर झिजला फक्त.” दुसऱ्या कुणी नवी चेनच गळ्यात मारली असती! मी वाळूत तंबू लावणार म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून जाड कापडाच्या सहा थैल्या शिवल्या. वाळू भरायची, तंबूची दोरी बांधायची आणि पुरून टाकायच्या. बारीक खुंट्या वाळूत निघून येतात. ही सूचना मला लाखमोलाची वाटली. सगळे मिळून साडेसहाशे रुपये.

तक्रार एकच. बुधवारचा वायदा शनिवारवर गेला आणि सोमवारी विमान. जीव टांगणीला लागला होता. रविवारी गच्चीवर दात घासायच्या ब्रशने शिवणीतली माती काढत बसले, दुपारच्या उन्हात तंबू कडकडीत वाळवला.

आता बॅग भरली आहे. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिथेच घेऊ. वोम्बॅट नावाचे तिथले बिळात राहणारे प्राणी खाण्याच्या वासाने तंबू फाडतात म्हणे लेक, तेव्हा चिवड्याचा डबा गाडीतच ठेवायचा.