अ‍ॅक्सेस पास की मिलिटरी पास? अमेरिकेतल्या अपंग माजी सैनिकांसाठी

सैन्यात असताना कायमचं अपंगत्व आलं असेल, तर अमेरिकेची राष्ट्रीय उद्यानं तुम्हाला दोन वाटांनी फुकट आहेत: अ‍ॅक्सेस पास आणि मिलिटरी पास. दोन्ही आजीवन. कागद जमत असतील तर डोळे झाकून अ‍ॅक्सेस घ्या.

प्रवेशापुरते दोन्ही सारखेच. योसेमिटीच्या फाटकावर गाडीमागे 35 डॉलर पडतात, ते कोणत्याही पासवर वाचतात, आणि खासगी गाडीतली बाकीची मंडळीही त्यातच आत जातात. माणशी तिकीट असेल तिथे पासधारक आणि सोबतचे तीन प्रौढ.

फरक पडतो मुक्कामाला. संघराज्य सरकारच्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर अ‍ॅक्सेस पासला निम्मी सूट असते. तंबूच्या जागेचे रात्रीचे 30 डॉलर असतील तर तुम्ही 15 भरता. मिलिटरी पासवर ही सूट नाही. वर्षातून चार रात्री तंबूत काढणाऱ्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

मग मिलिटरी पास कशाला? कागद सोपे म्हणून. डीडी 214 (सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला) किंवा माजी सैनिकाचं ओळखपत्र दाखवलं की काम झालं, अपंगत्वाचा प्रश्नच येत नाही. अफगाणिस्तानात सेवा केलेले अलेक्झांडर लॉफग्रेन 2021 मध्ये डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात मरण पावले. त्यांच्या नावाच्या कायद्याने ही सवलत पक्की झाली आणि 2022 पासून आजीवन पास मिळू लागला.

अ‍ॅक्सेससाठी अपंगत्व कायमचं आहे असं सांगणारा कागद लागतो: डॉक्टरांचं पत्र किंवा माजी सैनिक विभागाचं, म्हणजे व्हीएचं, पत्र. व्हीए अपंगत्व टक्क्यांत मोजतं, आणि इथे बरेच जण उगाच मागे फिरतात. ‘मला व्हीएने 40च टक्के दिलेत, मला कुठला मिळायला?’ या पासला टक्क्यांची अट नाही. अपंगत्व कायमचं हवं आणि त्याने रोजच्या जगण्यातली एखादी मुख्य क्रिया अडायला हवी, एवढंच. उद्यानाच्या खिडकीवर तो फुकट मिळतो. घरपोच मागवलात तर प्रक्रियेचे पैसे पडतात.

टक्के मोजले जातात ते राज्यांच्या उद्यानांत, आणि तिथे हे दोन्ही पास चालत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या डिस्टिंग्विश्ड व्हेटरन पासला राज्याचा रहिवास, युद्धकाळातली सेवा आणि सेवेमुळे आलेलं किमान 50 टक्के अपंगत्व लागतं (युद्धकैदी राहिलेल्यांना ही टक्क्यांची अट नाही). बदल्यात कॅम्पिंगही फुकट, म्हणजे अ‍ॅक्सेसपेक्षा सरस. वॉशिंग्टन राज्यात रहिवाशांना 30 टक्क्यांवर काम भागतं.

गोंधळ कुठे होतो ते कॅलिफोर्नियातल्या म्यूर वूड्सला कळतं. ते राष्ट्रीय स्मारक, म्हणजे संघराज्याचं, पण त्याला वेढा माउंट टॅमलपायस या राज्य उद्यानाचा. आतल्या रेडवूड झाडांसाठी अ‍ॅक्सेस चालतो, शेजारच्या राज्याच्या वाहनतळावर नाही. शिवाय म्यूर वूड्सला गाडीची जागा आधी आरक्षित करावी लागते आणि त्याचे पैसे कुठल्याच पासमध्ये धरलेले नाहीत, तेव्हा ते घरूनच उरकून निघा.