पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: घरी नऊ महिने वापरल्यानंतर

आईसाठी घेतलेला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारे यंत्र, आम्ही पुण्यात, सिंहगड रस्त्यावरच्या घरी, एप्रिल २०२१ ते जानेवारी २०२२ असे नऊ महिने वापरला. त्याचा तासमापक ३,४६२ तास दाखवतो. यंत्राबद्दल माझे मत चांगले आहे. परंतु ते ज्या पंधरवड्यात विकत घ्यावे लागले आणि ज्या महिन्यांत खरे उपयोगी पडले, त्या दोन काळांतला बाजार इतका वेगळा होता की त्याबद्दल न लिहिता केवळ यंत्राबद्दल लिहिणे अपुरे ठरेल.

पैसे मोजून घरी रुग्णसेवा घेण्याचा अनुभव आम्हाला आधीपासून होता. वडिलांना २०१९ मध्ये अर्धांगवायू झाल्यापासून रुग्णसेविका पुरवणाऱ्या ब्यूरोच्या मावशी बारा तासांच्या ड्यूटीला येत आणि फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा येत. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली आणि दोघांचेही येणे थांबले. मावशींना बस नव्हती आणि सोसायटीने बाहेरच्यांना फाटकातच अडवायचे ठरवले होते. महासाथीत घरगुती रुग्णसेवेची मागणी वाढली, असे सरसकट म्हटले जाते. पहिल्या तीन महिन्यांत आमच्या ओळखीच्या घरांत तरी ती घटली होती, कारण बाहेरचे माणूस घरात येऊ नये यासाठीच जो तो धडपडत होता. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने त्याच सुमारास काढल्यामुळे डॉक्टर व्हिडिओवर भेटू लागले, पण वडिलांचा आखडत चाललेला हात व्हिडिओवरून कोणाला सरळ करता येत नव्हता आणि पुढे तो सरळ झालाही नाही. दिवाळीनंतर ते गेले. डोक्याकडून उचलता येणारी त्यांची कॉट आम्ही विकली नव्हती.

१८ एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात कोविडचे ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. त्याच आठवड्यात आई त्या कॉटवर होती. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर बसल्या जागी ९१ दाखवत होता आणि तिला सहा मिनिटे चालवल्यावर ८८. डॉक्टरांनी तिला पालथे झोपवायला आणि रुग्णालयात खाट शोधायला सांगितले. खाट मिळेना, म्हणून यंत्र शोधू लागलो. भाड्याने देणाऱ्यांचे फोन लागत नव्हते. एकाचा लागला, तर त्याने प्रतीक्षायादीत चाळिसावा क्रमांक सांगितला. शेवटी ज्याच्याकडून घेतले, तो गृहस्थ मूळचा मोबाइलची कव्हरे विकणारा होता. ८२ हजार रुपये रोख, पावती नाही, वॉरंटी कार्डावर शिक्का नाही. मी मुकाट्याने पैसे दिले आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा देईन.

एवढे मात्र त्या घाईतही केले होते की फुप्फुसांच्या डॉक्टरांना यंत्राचा फोटो पाठवून विचारले. त्यांनी एकच प्रश्न केला: पाच लिटरला शुद्धता किती? हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि नायट्रोजन ७८ टक्के असतो. यंत्रातल्या झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या नळकांड्यांत दाबाखाली नायट्रोजन अडकतो आणि ९० ते ९६ टक्के शुद्ध ऑक्सिजन बाहेर पडतो. चांगले यंत्र ही शुद्धता पूर्ण पाच लिटरला टिकवते. त्या दिवसांत ‘एक ते सात लिटर’ असे छापलेली लहान यंत्रे निम्म्या किमतीत मिळत होती; त्यांतली बरीचशी एका लिटरला ९० टक्के देतात आणि सात लिटरला जेमतेम ३०. आमच्या शेजाऱ्यांकडे तसलेच आले. दिसायला ते आमच्यापेक्षा सुबक होते.

यंत्राने आम्हाला अडीच दिवस मिळवून दिले, त्याहून अधिक काही नाही. पाच लिटरवरही आकडा ९० च्या खाली जाऊ लागला, तेव्हा सुदैवाने खाट मिळाली. ऑक्सिजन झपाट्याने उतरणाऱ्या रुग्णाला घरच्या यंत्रावर सांभाळत बसू नये, हे या अभिप्रायातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य समजावे.

सोळा दिवसांनी, ७ मे रोजी, आई दोन लिटर ऑक्सिजनवर घरी आली आणि यंत्राचा खरा वापर तेव्हा सुरू झाला. पहिले दोन महिने ते जवळजवळ अहोरात्र चालू होते. आवाज जुन्या फ्रीजपेक्षा मोठा आहे आणि दर काही सेकंदांनी ते फुस्स करून श्वास सोडते. आम्ही यंत्र बैठकीच्या खोलीत ठेवून दाराखालून सात मीटरची नळी आत नेली, तेव्हा कुठे झोप लागली. बुडबुड्यांच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी घालावे लागते. बाहेरची जाळी दर रविवारी धुताना निघणारा करडा गाळ पाहिल्यावर आपण काय हवा घेतो ते कळले. नळीने कानामागे वळ पडतात, त्यासाठी कापसाची गुंडाळी लावली. नाक कोरडे पडले म्हणून आई व्हॅसलीन लावत असे, तेही बंद करावे लागले. ऑक्सिजनजवळ तेलकट, पेट्रोलियमयुक्त काही नको.

आणि विस्तव नको. यावरून घरात झाला तेवढा वाद औषधांवरूनही झाला नव्हता. देवघर आईच्याच खोलीत आहे आणि सकाळ-संध्याकाळ निरांजन लावल्याशिवाय ती पाणी घेत नाही. ऑक्सिजनने दिवा आपोआप पेटत नाही, पण नळीशी ठिणगी आली तर आग फार वेगाने पसरते, हे मी तिला तीनदा समजावले. चौथ्या दिवशी तिने देव टोपलीत घालून स्वतःच स्वयंपाकघराच्या फडताळात नेऊन ठेवले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

विजेचा विचार आम्ही खरेदीच्या वेळी केला नव्हता, तो करायला हवा होता. यंत्र साधारण ३५० वॉट घेते, म्हणजे अहोरात्र चालवल्यास दिवसाला आठ-साडेआठ युनिट. त्यामुळे बिल थेट वरच्या टप्प्यात गेले. पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचा वार. घरचा जुना इन्व्हर्टर चालेना, साईन वेव्हचा नवा घ्यावा लागला आणि तोही तीन-साडेतीन तासांपुरताच. म्हणून एक बी टाइपचा सिलिंडर कायम भरून ठेवला. त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे मिनिटाला दोन लिटरच्या वेगाने बारा तास. यंत्र विकणाऱ्याने यातले अक्षरही सांगितले नव्हते.

मे महिन्यात सगळे शहर यंत्र शोधत होते आणि आम्हाला माणूस हवे होते. त्याच ब्यूरोने बारा तासांचे १,४०० रुपये आणि पीपीई किटचे वेगळे पैसे सांगितले, आणि तरीही मावशी मिळेल याची खात्री दिली नाही. त्यांना दोष देता येत नाही. कोविडच्या घरी काम केले म्हणून त्यांच्यापैकी काहींना भाड्याची खोली सोडावी लागली होती. जुलैपर्यंत मावशी सहज मिळू लागल्या, तर फिजिओथेरपिस्ट मिळेनासे झाले, कारण फुप्फुसांना इजा होऊन घरी आलेले सगळेच रुग्ण एकदम त्यांच्या दारात उभे राहिले होते. आम्हाला तीन आठवडे थांबावे लागले. माझ्या समजुतीप्रमाणे आईचा ऑक्सिजन सुटला तो यंत्राइतकाच त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी रोज मोजून करून घेतलेल्या श्वासाच्या व्यायामांमुळे, आणि त्यांच्यासाठी कोणी एप्रिलमध्ये यादी केली नव्हती.

यंत्रांचा बाजार त्याच काळात कोसळला. जूनमध्ये सरकारने कॉन्सन्ट्रेटरवरच्या व्यापारी नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घातली, जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि परदेशांतून आलेल्या यंत्रांची रीघ लागली. पुण्यात मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेने ‘मिशन वायू’ खाली सिंगापूरहून यंत्रे मागवली होती. गणेश मंडळांपासून निवासी संघांपर्यंत अनेकांनी गरजूंना यंत्रे वापरायला देणाऱ्या ऑक्सिजन बँका काढल्या. सप्टेंबरमध्ये आमच्याच सोसायटीच्या गटावर न वापरलेली दोन यंत्रे विक्रीला होती आणि त्यांना गिऱ्हाईक नव्हते. आमचेच मॉडेल ४६ हजारांना मिळत असल्याचे मी पाहिले आणि ते आईला सांगितले नाही.

ऑक्टोबरमध्ये आमच्या यंत्राचा पिवळा दिवा लागला. कव्हरवाल्याचा फोन बंद होता. कंपनीच्या सेवाकेंद्राने यंत्राचा क्रमांक विचारला आणि ते भारतातल्या अधिकृत मालात नोंदलेले नसल्याचे सांगून हात झटकले. आई अजून रोज रात्री दहा तास त्याच्यावर होती. अकरा दिवस ऑक्सिजन बँकेचे यंत्र वापरले. अखेर एका रुग्णालयाच्या बायोमेडिकल तंत्रज्ञाने ओळखीने येऊन मोजले, तर शुद्धता ८१ टक्के भरली. आतला हवेचा फिल्टर गच्च भरला होता आणि तो बदलायचा असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हते. साडेसातशे रुपयांच्या फिल्टरने आकडा ९२ वर आला. हा फिल्टर कोणत्या कंपनीचा, कुठे मिळतो आणि किती तासांनी बदलायचा, हे विकत घेण्यापूर्वी लिहून घ्यावे.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली, तेव्हा औषधांच्या दुकानात स्वतः करायच्या चाचणीची किट आणि पॅरासिटामॉल यांना मागणी होती. कॉन्सन्ट्रेटरचे नावही कोणी काढले नाही. त्याच महिन्याच्या २७ तारखेला डॉक्टरांनी आईचा रात्रीचा ऑक्सिजन बंद केला.

यंत्र आता कॉटखाली आहे. झिओलाइटने ओल धरू नये म्हणून ते दर पंधरा दिवसांनी अर्धा तास चालवायला तंत्रज्ञाने सांगितले आहे. ते काम आई करते, नळी न लावता. देव आता पुन्हा तिच्या खोलीत आले आहेत. त्या अर्ध्या तासात ती निरांजन लावत नाही.