स्क्रायबसमध्ये मराठी दिनदर्शिका: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या मंडळींना सगळं वाचत बसायला नको. स्क्रायबस या पानांची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरच्या १.६ आवृत्तीत मराठी दिनदर्शिका नीट होते, आणि छापूनही नीट येते. पण चौकटीचौकटीत जाऊन हाताने आकार नि अंतरं जुळवायला बसलात तर मार्च उजाडायच्या आत हात टेकाल. या सॉफ्टवेअरला स्टाइल (फाँट, आकार, अंतर यांचा नाव देऊन ठेवलेला संच) लावून काम केलेलं चालतं, डागडुजी केलेली चालत नाही. खालचं सगळं त्याचंच तपशीलवार पुराण आहे.

काम होतं आमच्या पतसंस्थेच्या २०२६ च्या दिनदर्शिकेचं. भिंतीवरची, बारा पानी, वर फोटो, खाली महिना, प्रत्येक तारखेखाली तिथी आणि दिनविशेष. आधी हे कोरलमध्ये व्हायचं. स्क्रायबसकडे वळायचं कारण साधं: फुकट आहे, आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं.

ज्यांनी स्क्रायबस १.४ च्या काळात मराठी टाइप करून बघितलं असेल त्यांनी ते तेव्हाच बंद केलं असणार. ‘किती’ लिहिलं की पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जायची, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहायची. १.५ च्या चाचणी आवृत्त्यांत हार्फबझ हे अक्षरं जुळवणारं इंजिन आलं, तेच जे फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्ये आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६ आल्यावर ते स्थिर आवृत्तीत पोचलं. मी नवीन सॉफ्टवेअरची परीक्षा ठरावीक शब्दांनी घेतो: मार्गशीर्ष, ज्येष्ठ, षष्ठी, त्रयोदशी, दुसऱ्या. पाचही पास. तेव्हा ‘स्क्रायबसमध्ये मराठी तुटतं’ हे आता जुनं झालं.

तुटत नाही, पण विस्कटतं. तो खरा विषय.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला ओळींमधल्या अंतराने. स्क्रायबसमध्ये याचे तीन पर्याय आहेत: फिक्स्ड (आपण दिलेलं ठरावीक अंतर), ऑटोमॅटिक आणि बेसलाइन ग्रिडला, म्हणजे पानावरच्या समान अंतराच्या अदृश्य रेघांना, चिकटवणं. ऑटोमॅटिक ठेवलं की तो अंतर फाँटच्या मापांवरून काढतो, आणि देवनागरी फाँटची ही मापं ऐसपैस असतात, कारण वर मात्रा-रफार आणि खाली उकार, दोन्हींना जागा लागते. मुक्ता या फाँटमध्ये ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून जास्त भरते. म्हणजे आठ पॉइंटच्या मजकुराला तेरा पॉइंटच्या वर अंतर. दिनदर्शिकेच्या एवढ्याशा चौकटीत हे परवडतच नाही, तिसरी ओळ बाहेर.

म्हणून फिक्स्ड. पण किती? इंग्रजीच्या हिशेबाने आठला साडेनऊ किंवा दहा दिलं की गडबड होते. १ मे २०२६ ची चौकट घ्या. त्या दिवशी महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि बुद्ध पौर्णिमा, तिन्ही एकत्र आलेत. वर्षातल्या सगळ्यांत भरलेल्या चौकटींपैकी ही एक. चौकट अरुंद असल्यामुळे ‘बुद्ध’ वरच्या ओळीत आणि ‘पौर्णिमा’ खालच्या. दहा पॉइंटवर ‘बु’चा उकार आणि ‘द्ध’चा खाली लोंबणारा भाग थेट ‘पौ’च्या दोन मात्रांवर येऊन बसतो. पडद्यावर शंभर टक्क्यांवर कळत नाही, चारशे टक्क्यांवर बघितलं की कळतं, आणि छापल्यावर तर शाई पसरून ठिपकाच दिसतो. अकरा पॉइंट दिल्यावर सुटलं. मुक्ता आठ पॉइंट, अंतर अकरा, हे माप मी आता पाटीवर लिहून ठेवल्यासारखं पाठ केलंय. फाँट बदलला तर हीच चौकट पुन्हा तपासायची. १ मे सुटला की बाकीचं वर्ष बहुतेक सुटतं.

याच्याच पोटात दुसरी कटकट: शेजारशेजारच्या चौकटींत पहिली ओळ वर-खाली दिसणं. दोन्ही फ्रेम (मजकूर ठेवायच्या चौकटी) एकाच उंचीवर, मापं तीच, स्टाइल तीच, तरी ‘संकष्ट’ जरा वर आणि ‘पौर्णिमा’ जरा खाली. याचं उत्तर टेक्स्ट प्रॉपर्टीजमध्ये (एफ३ दाबा) रकाने आणि समासाच्या भागात ‘फर्स्ट लाइन’ नावाच्या पर्यायात आहे. तिथे ‘मॅक्सिमम अ‍ॅसेंट’ असेल तर तो त्या ओळीतलं सर्वांत उंच अक्षर बघून ओळ ठेवतो. आपल्याकडे रफार, मात्रा, अनुस्वार कधी असतात, कधी नसतात, त्यामुळे प्रत्येक चौकटीत ओळ वेगळ्या जागी. ‘लाइन स्पेसिंग’ निवडलं की सगळ्या चौकटी एका रेषेत. इतकी छोटी गोष्ट, पण हिच्यावाचून पान कायम ‘काहीतरी चुकलंय’ असं दिसत राहतं आणि बघणाऱ्याला नेमकं काय ते सांगता येत नाही.

फाँटबद्दल. तिथी-दिनविशेषाला मुक्ता, कारण बारीक आकारात तो वाचता येतो आणि त्यात हवी तेवढी वजनं मिळतात. महिन्याच्या नावाला टिरो देवनागरी मराठी. त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. पतसंस्थेच्या अध्यक्षांनी प्रूफ बघून पहिलं तेच विचारलं होतं, ‘श’ असा का. ज्येष्ठ मंडळींची नजर अशा ठिकाणी बरोबर जाते. एक लक्षात ठेवा: स्क्रायबस स्वतःहून दुसऱ्या फाँटमधून अक्षर उसनं आणत नाही. फाँटमध्ये चिन्ह नसेल तर रिकामा चौकोन. पौर्णिमा-अमावास्येचे गोल चिन्हांनी टाकण्याऐवजी सरळ आकृती म्हणून काढले, तेच बरं.

आता स्टाइलचं. मजकूर बहुधा कोणीतरी वर्डमध्ये देतं, मग तो ओडीटी (लिब्रेऑफिसच्या फाइलचा प्रकार) करून आत घेतला जातो. आत घेताना स्क्रायबस विचारतो की परिच्छेदाच्या स्टाइल बदलायच्या का, एकत्र करायच्या का, की त्यांना फाइलचं नाव जोडायचं. इथे घाईत ‘ओके’ दाबलं की स्टाइलच्या यादीत नको ते पाहुणे येतात, आणि रंगांच्या यादीतही. पण त्याहून त्रासदायक म्हणजे वरून लागलेलं सुटं फॉरमॅटिंग. स्टाइलमध्ये आकार बदलला तरी काही चौकटी ढिम्म हलत नाहीत, कारण तिथे कोणीतरी आकार थेट अक्षरांना दिलेला असतो आणि तो स्टाइलच्या वरचढ ठरतो. टेक्स्ट प्रॉपर्टीजमध्ये स्टाइलच्या नावाशेजारी झाडूचं छोटं बटण आहे, त्याने हे सुटं फॉरमॅटिंग निघून जातं. परिच्छेदाचं वेगळं, अक्षरांचं वेगळं, दोन्ही दाबायची. मी आता मजकूर साधा, निव्वळ टेक्स्ट म्हणूनच आत घेतो. ठळक-तिरकं काही लागलं तर कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे निवडलेल्या अक्षरांपुरती स्टाइल.

स्टाइल मोजक्याच ठेवल्यात. एक मूळ, त्यावर आधारलेल्या ‘तारीख’, ‘तारीख-सुट्टी’, ‘तिथी’, ‘दिनविशेष’, ‘वार’, ‘महिना’. मूळ स्टाइलमध्ये फाँट बदलला की पूर्ण वर्ष बदलतं. नावं मराठीत दिली तरी चालतात.

स्क्रायबससोबत कॅलेंडर विझार्ड नावाची पायथन स्क्रिप्ट, म्हणजे पायथन भाषेतला छोटा प्रोग्रॅम, येते. वर्ष, महिने आणि आठवडा रविवारपासून की सोमवारपासून एवढं सांगितलं की पानं तयार. ऑफिसच्या टेबलावरच्या कॅलेंडरला छान. पण आपल्याकडच्या बऱ्याच भिंतीवरच्या दिनदर्शिकांत वार डावीकडे उभे असतात, तारखा वरून खाली उतरतात, आणि सहावा रकाना लागलाच तर उरलेल्या तारखा पहिल्या रकान्यातल्या मोकळ्या जागेत बसवतात. २०२६ मध्ये मे आणि ऑगस्टला हे करावं लागतं: १ मे शुक्रवारी, त्यामुळे ३१ मेचा रविवार उरतो, १ ऑगस्ट शनिवारी, त्यामुळे ३० आणि ३१ उरतात. उलट फेब्रुवारी रविवारी सुरू होऊन अठ्ठावीस दिवसांत नेमका चार रकान्यांत संपतो आणि पान उघडंबोडकं दिसतं. (तिथे ठेवींच्या व्याजदराची जाहिरात बसवली, सगळे खूश.) हे विझार्डच्या आवाक्यातलं नाही. मी त्याची पद्धत बघून स्वतःची छोटी स्क्रिप्ट केली. पायथन थोडंफार येत असेल तर घाबरण्यासारखं काही नाही.

स्क्रिप्ट केलीत तर दोन ठिकाणी अडाल. पहिलं, अंक. पायथन तारखा इंग्रजी अंकांतच देतो. शून्य ते नऊच्या जागी देवनागरी अंक टाकणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घातली की झालं, नंतर शोधून बदलत बसायला नको. दुसरं, सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमधला तिथी-दिनविशेषाचा तक्ता स्क्रिप्टला वाचता यावा म्हणून केलेली साधी टेक्स्ट फाइल. एक्सेलमध्ये नुसतं ‘सीएसव्ही’ म्हणून सेव्ह केलं की सगळं मराठी प्रश्नचिन्हांत जातं. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ (यूटीएफ-८ ही युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) हा वेगळा पर्याय निवडायचा, आणि स्क्रिप्टमध्ये फाइल उघडतानाही यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगायचं. एक्सेल अशा फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण ठेवतो, तिच्यामुळे पहिल्या रकान्याचं नाव जुळत नाही. पायथनला ‘यूटीएफ-८-सिग’ सांगितलं की तीही वगळली जाते.

मजकूर फ्रेमबाहेर गेला की खालच्या उजव्या कोपऱ्यात फुलीचा छोटा लाल चौकोन दिसतो. साडेतीनशेवर चौकटींत तो डोळ्यांनी शोधणं अशक्यच. प्रीफ्लाइट व्हेरिफायर (छपाईआधीच्या चुका शोधणारी सोय) उघडा. कुठल्या पानावर, कुठल्या फ्रेममध्ये मजकूर उतू जातोय आणि कुठे फाँटमध्ये अक्षर नाही, याची यादी मिळते. फ्रेमना ‘मे-०१-विशेष’ अशी नावं स्क्रिप्टनेच दिली असतील तर यादी वाचता वाचताच काम होतं. जानेवारीतच दोन ठिकाणी अडकायला झालं: ६ तारखेची अंगारक संकष्ट चतुर्थी, आणि १४ ला मकर संक्रांत व षट्‌तिला एकादशी एकत्र. अशा वेळी मोह होतो तो अक्षरं जवळ ओढायचा. नका करू. अक्षरांतलं अंतर कमी केलं की शिरोरेषा एकमेकींवर चढतात, वाढवलं की मध्येच तुटतात. ‘फोर्स्ड जस्टिफाय’ही (ओळ ताणून दोन्ही कडांना भिडवणं) त्याच कारणाने नको. चौकटीत मजकूर डावीकडून, बस. जागा नसेल तर ‘दिनविशेष-लहान’ अशी अर्ध्या पॉइंटने कमी असलेली एक स्टाइल ठेवा आणि तीच लावा. ‘शु. ५’ किंवा चंद्रोदयाची वेळ दोन ओळींत फुटत असेल तर मध्ये नॉन ब्रेकिंग स्पेस घाला, इन्सर्ट मेन्यूत आहे.

लाल रंगाबद्दल थोडक्यात. रविवार-सुट्ट्यांचा लाल मॅजेंटा आणि पिवळ्याच्या दोन प्लेटांवर छापला जातो. प्लेट केसभर सरकली तरी मोठा आकडा तग धरतो, आठ पॉइंटची तिथी मात्र भुरकट होते. म्हणून आकडा लाल, खालचा मजकूर काळाच. आणि तो काळा निव्वळ काळ्या प्लेटवरचा हवा. वर्डमधून आलेला काळा बहुधा आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीचा, असतो, तो चार रंगांत फुटू शकतो. ‘रिप्लेस कलर्स’ने एकदाच बदलून टाका.

शेवटी पीडीएफ. पहिल्या प्रूफला आमच्याकडची फाइल छापखान्यात कोरलमध्ये उघडली गेली आणि मार्गशीर्षचे रफार कुठल्या कुठे. पीडीएफ वाचकात नीट दिसणारी फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की फाँटमधली जोडणी राहीलच याची खात्री नसते. स्क्रायबसच्या पीडीएफ निर्यातीत फाँटच्या टॅबमध्ये सगळे फाँट ‘आउटलाइन’च्या यादीत टाकले, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या केल्या, छापखान्याच्या भाषेत कर्व्ह केले, की हा प्रश्न राहत नाही. फाइल जड होते, आणि नंतर छापखान्यात शब्द दुरुस्त करता येत नाही. यातलं दुसरं माझ्या मते फायद्याचंच आहे.

न आवडलेलंही आहे. तक्त्यांची सोय असूनही तिच्यावर दिनदर्शिका उभी करायची माझी हिंमत नाही, सुट्या फ्रेमच बऱ्या. बारा पानं एका फाइलमध्ये घेतली की फ्रेमच्या संख्येने काम रेंगाळतं, म्हणून मी तिमाहीच्या चार फाइल केल्या. १.६ ची फाइल १.४ मध्ये उघडत नाही, त्यामुळे दोघं मिळून काम करणार असाल तर आवृत्ती आधी जुळवून घ्या. आणि श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटांत) बसवलेला जुना मजकूर तसाच चिकटवून चालत नाही, तो युनिकोडमध्ये बदलूनच आणावा लागतो. बदलल्यावर ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ तेवढे नजरेखालून घाला.

इनडिझाइन (अडोबीचं याच कामाचं सॉफ्टवेअर) हाताशी असेल आणि त्याचं भाडं कोणी दुसरं भरत असेल, तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) लावून हे काम कमी खटपटीत होतं. संस्थेचं, मंडळाचं, शाळेचं काम स्वतःच्या खिशातून करणाऱ्याला स्क्रायबस घ्या म्हणेन, फक्त दसऱ्याच्या आधी सुरुवात करा. दिवाळीनंतर छापखान्यात कोणी फोन उचलत नाही.