टँकरने येणारा एलएनजी: बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांसाठी परीक्षण

फर्नेस ऑइल सोडून एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) यायचं ठरवलेल्या कारखान्याकडे पुरवठादार एक सोपा प्रस्ताव घेऊन येतो. टाकी आणि द्रवाचा गॅस करणारी यंत्रणा त्याच्या खर्चाने, टँकर गुजरातच्या दहेज टर्मिनलवरून, बिल एमएमबीटीयू या उष्णतेच्या एककाप्रमाणे. हे परीक्षण त्या सेवेचं आहे, कुणा एका कंपनीचं नाही. यंत्रणा चांगली आहे, वाहतूक चालण्याजोगी आहे. करारनामा मात्र फार सांभाळून वाचावा लागतो.

आधी हिशेब. एलएनजी उणे १६२ अंशांच्या आसपास द्रवरूपात येतो. एका टँकरमध्ये साधारण १७ टन बसतो, म्हणजे सुमारे ८८० एमएमबीटीयू किंवा २३ हजार घनमीटर गॅस. १९ किलोचा एलपीजी सिलिंडर ०.९ एमएमबीटीयूच्या जवळपास भरतो, त्यावरून तुलना करता येईल. ताशी २ टन वाफेचा बॉयलर पूर्ण भारावर ताशी १६० घनमीटरच्या आसपास गॅस खातो. रोज २० तास चालवला तर टँकर आठवडाभर पुरतो.

टाकीचं माप इथे महत्त्वाचं. पुरवठादार लहान टाकी सुचवतात, कारण भांडवल त्यांचं असतं. पण टाकी ९० टक्क्यांच्या वर भरत नाहीत, आणि अख्खा टँकर एका दमात रिकामा करायचा तर ६० हजार लिटरची टाकी लागते. तेवढी असली तर वरच्या खपाला अडीच दिवसांचा साठा शिल्लक असतानाच पुढचा टँकर उतरवता येतो. दहेज ते नागपूर आठशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. भरणीची पाळी, घाट, पावसाळा धरून मागणी चार-पाच दिवस आधी नोंदवावी लागते. लहान टाकीत अर्धा माल उतरवून टँकर दुसऱ्या कारखान्याकडे जातो, आणि मग वजनाचे वाद सुरू होतात. भरणीचं वजन टर्मिनलचं, उतरणीचं तुमच्या काट्याचं, बिल मात्र टर्मिनलच्या उष्मांक प्रमाणपत्रावर. रिकाम्या टँकरचं परतीचं वजन आणि फरकाची सहनमर्यादा या दोन गोष्टी लेखी नसतील तर दर महिन्याला भांडण ठरलेलं.

व्हेपोरायझरबद्दल, म्हणजे द्रवाचा गॅस करणाऱ्या संचाबद्दल, नागपुरात एक गैरसमज आहे: इथे एवढं ऊन, तर अडचण कसली? मे महिन्यात खरोखरच काही अडचण नसते, हवेच्या उष्णतेवर गॅस सहज होतो. त्रास जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत होतो. नळ्यांच्या पंखांवर बर्फाचे थर चढतात आणि क्षमता घसरते. म्हणून दोन संच हवेत, दर सहा ते आठ तासांनी आलटून पालटून चालणारे. संच बदलणारा व्हॉल्व्ह अडकला की बाहेर पडणारा गॅस थंड होत जातो. साधं कार्बन स्टील उणे २९ अंशांखाली ठिसूळ होऊ लागतं, त्यामुळे त्याच्या बऱ्याच आधी पुरवठा तोडणारा शटऑफ व्हॉल्व्ह असलाच पाहिजे. तो वर्षातून एकदा तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा. ‘पुढच्या सर्व्हिसला दाखवू’ हे उत्तर मान्य करू नका.

गॅस वापरला नाही तर टाकीतला द्रव तापत राहतो, दाब चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून पैसा हवेत जातो. मारबतीच्या एका सुट्टीने काही बिघडत नाही, दिवाळीच्या आठवड्याने बिघडतं. बंदच्या आधी साठा खाली आणा. रोजचा खप एका टनापेक्षा कमी असेल तर ही सेवा घेऊच नका, एलपीजी बरा.

परवाना पेसोचा, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचा, स्थिर व फिरत्या दाबपात्रांच्या २०१६ च्या नियमांखाली. पेसोचं मुख्यालय नागपुरातल्या आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. सुरक्षित अंतरं न दाखवणारा नकाशा पास होत नाही.

आता दर. बहुतेक करारांत तो तीनपैकी एकाला बांधलेला असतो: कच्च्या तेलाला, आशियाच्या जेकेएम या हजर (तात्काळ खरेदीच्या) भावाला, किंवा अमेरिकेच्या हेन्री हब या गॅस-केंद्राच्या भावाला. हेन्री हबचं कलम वाचायला सगळ्यात सोपं वाटतं आणि तिथेच फसगत होते. गेल या सरकारी गॅस कंपनीच्या अमेरिकेतल्या सबीन पास टर्मिनलच्या कराराचं सूत्र जाहीर आहे: एमएमबीटीयूमागे हेन्री हबच्या ११५ टक्के, अधिक ३ डॉलर. भाव ३ डॉलर असेल तर जहाजावर चढेपर्यंत ६.४५ डॉलर होतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात ‘उरी’ हिमवादळ आलं. विहिरींची तोंडं गोठली, वीज गेली म्हणून गॅस दाबणारी यंत्रं थांबली, आणि १७ फेब्रुवारीला हेन्री हबचा हजर भाव २३.८६ डॉलरवर गेला. ओक्लाहोमाच्या एका केंद्रावर तर हजाराच्या पुढे. त्याच दिवसांत पुढच्या महिन्याचा वायदा मात्र ३ डॉलरच्या आसपासच फिरत होता. त्यामुळे तुमच्या करारात ‘हेन्री हब’ एवढंच लिहिलं असेल तर ते अपुरं आहे. मासिक वायद्याचा अंतिम भाव असेल तर ६.४५ च्या जवळपास, दैनिक हजर भाव असेल तर त्या दिवसाचे ३० डॉलरच्या वर. कलमात ‘मासिक वायद्याचा शेवटच्या दिवसाचा भाव’ असे स्पष्ट शब्द हवेत.

जेकेएमला बांधलेल्यांना टेक्सासची नाही, जपान-कोरियाची थंडी महाग पडते. जानेवारी २०२१ मध्ये तो ३२ डॉलरच्या वर गेला होता. अशा करारात कमाल दराची मर्यादा मागा. मिळेल, पण त्यासाठी रोजचा दर थोडा जास्त मोजावा लागेल, आणि तो मोजावा असं आमचं मत आहे. २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला होता, त्यामागेही टँकरचा आयात एलएनजीच होता.

वाहतूक वेगळी लिहून घ्या. जाऊन-येऊन १,७०० किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे १० रुपये वाढ म्हणजे एमएमबीटीयूमागे साधारण १९ रुपये. डिझेलच्या नावाखाली यापेक्षा जास्त मागत असतील तर गणित मांडायला सांगा. नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर आहे, त्यावरच्या विक्रीकराचं क्रेडिट मिळत नाही. फर्नेस ऑइलशी तुलना करताना तेलाच्या दरातून जीएसटी वजा करूनच करा.

पुरवठा थांबला तर काय, हे कलम सगळ्यात ढिसाळ असतं. उरीनंतर अमेरिकेत यावरच खटले उभे राहिले. विक्रेते म्हणाले विहिरी गोठल्या, खरेदीदार म्हणाले बाजारात गॅस होता, महाग घेऊन द्यायचा होता. मिएको विरुद्ध पायोनियर खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं की दैवी आपत्तीचं कलम लागू व्हायला पुरवठा पूर्ण अशक्य व्हायलाच हवा असं नाही. आपल्याकडे गेललाही २०२२ मध्ये रशियाच्या गाझप्रॉमच्या जुन्या उपकंपनीकडून ठरलेला माल आला नाही. दावा १.८ अब्ज डॉलरचा, तडजोड जानेवारी २०२५ मध्ये २८.५ कोटी डॉलरची. गेलची ही गत, तर बुटीबोरीच्या कारखान्याने ‘अपरिहार्य कारणास्तव’ हे दोन शब्द तसेच ठेवू नयेत. टर्मिनल बंद, बंदर बंद, राष्ट्रीय महामार्ग बंद अशी नावानिशी यादी करा. भाव वाढणं हे कारण नाही, असं वाक्य घाला. टँकर चुकल्यास भरपाई तुमच्या पर्यायी इंधनाच्या फरकाइतकी हवी. ती नाममात्र ठेवली तर बाजार चढला की तुमचा टँकर जास्त देणाऱ्याकडे वळतो.

पर्यायी इंधनाची सोय आधीच करा, पण एलपीजीचा मॅनिफोल्ड (अनेक सिलिंडर एकत्र जोडणारी नळी) त्याच बर्नरला सरळ जोडता येत नाही. घनमीटरमागे त्याची उष्णता अडीच पट असते. हवा मिसळणारा मिक्सर किंवा वेगळी गॅस ट्रेन (बर्नरआधीची व्हॉल्व्ह-रेग्युलेटरची मालिका) लागते.

ठरलेल्या मालाच्या ८०-९० टक्क्यांचे पैसे उचल नसली तरी द्यावे लागतात. न उचललेला माल पुढच्या वर्षी घेण्याचा हक्क मागा. मुदतीचंही तसंच: मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनीचा गॅस तुमच्या गेटपर्यंत आला की दंडाशिवाय बाहेर पडता यावं, आणि टाकी काढून पाया मोकळा करण्याचा खर्च पुरवठादाराचा राहावा, हे सहीच्या दिवशीच लिहून घ्या.