फिल्टरची यादी आपल्या मनासारखी

डेव्हएक्सप्रेस या सॉफ्टवेअर कंपनीचं विनफॉर्म्ससाठीचं (विंडोजवरचे प्रोग्रॅम बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट) पिव्होट ग्रिड कंट्रोल, म्हणजे डेटाच्या बेरजा तक्त्यात मांडणारा तयार घटक, मी भांडार विभागाच्या रिपोर्टसाठी रोज वापरते. बेरजा, फील्ड ओढून इकडचं तिकडे करणं, हे उत्तम चालतंच. मला ते आवडलं ते फिल्टरच्या ड्रॉपडाऊनमुळे.

आमच्या ‘विभाग’ फील्डमध्ये बंद पडलेले विभाग आणि चाचणीसाठी टाकलेल्या नोंदी सगळ्याच दिसायच्या. रिपोर्ट बघणाऱ्याला त्यातले सहा-सात हवे असायचे. आधी वापरलेल्या एका दुसऱ्या कंट्रोलमध्ये त्यासाठी थेट क्वेरीलाच (डेटाबेसमधून डेटा मागवणाऱ्या कोडला) हात घालावा लागला होता. इथे ‘कस्टम फिल्टर पॉपअप आयटम्स’ हा इव्हेंट (ठरावीक क्षणी आपला कोड चालवायची जागा) यादी समोर येण्याआधी आपल्या हातात येतो. फील्ड कोणतं ते बघायचं, नको ते आयटम काढायचं, हवं ते घालायचं. काढताना लूप (एकेक आयटम तपासत जाणारा कोड) शेवटून सुरुवातीकडे चालवा. सुरुवातीपासून चालवलात तर एक काढलं की खालचं वर सरकतं आणि तपासायचं राहून जातं. काढल्यावर एकूण बेरीज एकदा ताडून पाहायची सवय मी लावून घेतली आहे. शिवाय हा इव्हेंट यादी उघडताना चालतो, तेव्हा डेटाबेसकडे हेलपाटा घालणारं काम त्यात नको.

दुसरी सोय मला त्याहून मोलाची वाटते. ‘फील्ड व्हॅल्यू डिस्प्ले टेक्स्ट’ इव्हेंटमध्ये ‘इज पॉप्युलेटिंग फिल्टर ड्रॉपडाऊन’, म्हणजे मजकूर फिल्टरच्या यादीसाठी हवा आहे का, ते तपासता येतं. त्यामुळे ग्रिडच्या शीर्षकात नुसता ‘०४’ आणि यादीत विभागाचं पूर्ण नाव, असं करता आलं. रकाने अरुंद राहिले आणि कोणाला कोड पाठ करावे लागले नाहीत.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. फिल्टरचा प्रकार ‘एक्सक्लूडेड’ (नको त्यांची यादी) असेल तर फील्डमध्ये नव्याने आलेली व्हॅल्यू आपोआप दिसते. ‘इन्क्लूडेड’ (हव्या त्यांची यादी) केलात तर ती लपून राहते. मी कोडमध्ये ‘इन्क्लूडेड’ ठेवलं होतं आणि नवीन महिना सुरू झाल्यावर त्याच्या नोंदी रिपोर्टमध्ये आल्याच नाहीत. अर्धा दिवस मी डेटाबेस तपासत बसले.

‘शो ओन्ली अव्हेलेबल आयटम्स’ही चालू करून बघा. दुसऱ्या फील्डवर फिल्टर लावलेला असला की लागू नसलेली नावं यादीत येत नाहीत. हे केल्यापासून ‘हे नाव निवडलं तर तक्ता कोरा का येतो?’ असं विचारायला माझ्या टेबलापाशी कोणी आलेलं नाही.