१९६६च्या मस्टँगला पुढे डिस्क ब्रेक: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

गाडी १९६६ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप. २८९ व्ही-८ इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, ऑटोमॅटिक गिअर. व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) ‘६आर०७सी’ने सुरू होतो. त्यातला ‘आर’ म्हणजे फोर्डचा सॅन होजे कारखाना, जो खरं तर कॅलिफोर्नियातल्या मिलपिटासमध्ये होता. १९८३मध्ये तो बंद झाला आणि आता तिथे ग्रेट मॉल आहे. म्हणजे गाडी जिथे तयार झाली तिथल्याच पार्किंगमध्ये आम्ही आज ती उभी करतो. मला याचं अजून अप्रूप वाटतं.

ही गाडी मी रोज चालवत नाही, पण कपाटात ठेवायची वस्तू म्हणूनही घेतलेली नाही. शनिवार-रविवारी घरचे सगळे बसतात आणि बहुतेक वेळा हायवे १७ने सांताक्रूझला जातो. तो रस्ता म्हणजे सुमारे १८०० फुटांवर चढून पुन्हा उतरणारा घाटच: अरुंद, वळणावळणाचा, मध्ये काँक्रीटचा कठडा, आणि आजूबाजूला आधुनिक गाड्या भरधाव. परतीच्या वाटेवर खिंड ओलांडली की लॉस गॅटोसपर्यंत उतारच उतार. डिस्क ब्रेक बसवायचं ठरलं ते या उतारामुळे.

मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम होते, पुढचे १० इंची. हे ड्रम वाईट असतात असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. थंड आणि कोरडे असताना ते झकास लागतात, पायाला हलकेही असतात. त्यांच्या रचनेतच ती सोय आहे: एक शू (ड्रमला आतून दाबणारी वाकडी पट्टी) ड्रमबरोबर फिरायला बघतो आणि तळाच्या ॲडजस्टरमधून दुसऱ्या शूला ढकलतो, त्यामुळे पायाने दिलेल्या जोरापेक्षा कितीतरी जास्त जोर लायनरवर, म्हणजे शूवरच्या घर्षणाच्या थरावर, येतो. पण याच रचनेत डाव्या-उजव्या बाजूतला बारीकसा फरकही तितकाच वाढतो. एका ड्रममध्ये पाणी शिरलं की गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. आणि तापल्यावर ड्रम प्रसरण पावून शूपासून लांब जातो, म्हणून उतारावर चौथ्या-पाचव्या ब्रेकला पेडल आधीपेक्षा खाली गेलेलं लागतं. या उतारावरच्या बिग मूडी कर्व्ह नावाच्या वळणाच्या अलीकडे पायाखाली असं पेडल लागलं की बोलणं आपोआप थांबतं.

डिस्कचं उलटं असतं. ती उघडी, वारा खाणारी. तापून जाड झालीच तर तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडच्या दिशेनेच होते. पाणी लागलं तरी चाक फिरताच झटकलं जातं.

मी घेतलेल्या किटमध्ये नवे स्पिंडल (ज्यावर चाक फिरतं तो भाग), ११ इंची हवेशीर डिस्क, एक पिस्टनचे सरकते कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे), रबरी होज, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलमधून चाकांपर्यंत पोचवणारा) आणि मागच्या लाइनसाठी प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) होता. खर्च हजार डॉलरच्या घरात. मूळ स्पिंडल ठेवून नुसता ब्रॅकेट लावणारी स्वस्त किटंही मिळतात. त्यातल्या काहींमुळे चाक बाहेर सरकतं आणि वळवताना टायर फेंडरच्या कडेला लागतो, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

बसवायचं काम फ्रीमाँटच्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये केलं. ड्रम काढण्याआधी एक काळजी घ्याच. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. आतली धूळ फुंकू नका, कंप्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. ब्रेक क्लीनरने ओलं करून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. स्पिंडल बदलणं अवघड नाही. बॉल जॉइंट सोडवणं, स्प्रिंगचा ताण सांभाळणं आणि बेअरिंगचा नट नीट बसवणं, इतकंच. टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) मात्र नंतर तपासून घ्यावाच लागतो, कारण स्पिंडल बदलला की स्टिअरिंगची भूमितीही थोडी बदलते.

खरी मेहनत आणि माझ्या मते खरा फायदा मास्टर सिलिंडरमध्ये आहे. १९६६च्या मस्टँगला एकच कप्पा होता. चारही चाकांचं ऑइल त्यातूनच जातं, म्हणजे कुठेही एक होज फुटला की पेडल थेट जमिनीला. गंमत म्हणजे फोर्डने तेव्हा पुढचे डिस्क पर्याय म्हणून दिले होते, केल्सी-हेजचे चार पिस्टनवाले, पण मास्टर सिलिंडर त्यांनाही एकाच कप्प्याचा होता. मस्टँगला दोन कप्पे १९६७च्या मॉडेलपासून आले आणि १ जानेवारी १९६८पासून अमेरिकेत सगळ्याच नव्या मोटारींना विभागलेली ब्रेक यंत्रणा सक्तीची झाली. म्हणून ज्यांचं बजेट बेताचं आहे त्यांना मी कळकळीने सांगतो: डिस्क पुढच्या वर्षी घ्या, पण दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आत्ता बसवा. ड्रमच्या गाडीलाही तो बसतो.

आता बोअरबद्दल, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाबद्दल. किटबरोबर १ इंच बोअरचा सिलिंडर येणार होता. बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) लावायचा नसेल तर १५/१६ इंची मागून घ्या. पायाचा जोर तेवढाच ठेवून लाइनमधला दाब साधारण १४ टक्के जास्त मिळतो, बदल्यात पेडल थोडं जास्त खाली जातं. मी विक्रेत्याला फोन करून तोच मागवला आणि त्याचं समाधान आहे. बूस्टर मी मुद्दामच टाळला. इंजिनखोलीत आधीच दाटी आहे, आणि पायाला रस्ता कळत राहावा असं मला वाटतं.

तक्रारीही आहेत. तयार वाकवून दिलेल्या लाइनपैकी एकीचं फ्लेअर (टोकाची पसरट कड) तिरकं होतं. कितीही आवळलं तरी सांध्यावर ऑइलचा ओलावा यायचा. शेवटी ती फेकून ३/१६ इंची नवी लाइन आणून डबल फ्लेअर करून घेतली. माहितीपत्रक दोन पानी, फोटो काळपट, आणि रेसिड्युअल व्हॉल्व्हचा त्यात उल्लेखच नाही. हा मुद्दा क्षुल्लक नाही. ड्रमच्या लाइनमध्ये १० पीएसआयच्या आसपास दाब राहावा म्हणून सिलिंडरच्या तोंडाशी छोटा व्हॉल्व्ह असतो. डिस्कच्या लाइनमध्ये तो राहिला तर पॅड डिस्कला कायम चिकटून राहतात, चाक तापतं, पेट्रोल जास्त लागतं. तपासायला सोपं आहे: ब्रेक फारसे न वापरता थोडं अंतर जाऊन या आणि दोन्ही हबांवर हाताने अंदाज घ्या.

१४ इंची चाकं वापरायची असतील तर आधी मोजा. माझी स्टाइल्ड स्टील चाकं बसली, पण कॅलिपर आणि रिममध्ये बोटभरही जागा नाही. टायरवाल्याने आतल्या कडेला ठोकलेलं बॅलन्सिंगचं वजन पहिल्याच फेऱ्याला कॅलिपरवर टकटक करू लागलं. आता चिकटवायची वजनं कॅलिपरपासून लांब लावून घेतो.

प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावला म्हणजे काम संपलं असं नाही, तो सेट करावा लागतो. पुढे डिस्क आल्या की जोरात ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं, मागचे ड्रम हलके होतात आणि आधी लॉक होतात. मग गाडीची शेपटी फिरते. आम्ही एका रिकाम्या, ओल्या पार्किंगमध्ये गेलो. मी गाडी चालवत होतो, मित्र बाजूला उभा राहून चाकांकडे बघत होता. “अरे, मागचं अजून आधी धरतंय, थोडं कमी कर!” असं तो ओरडायचा, मी उतरून नॉब फिरवायचो, पुन्हा जायचो. पुढची चाकं आधी घसरू लागेपर्यंत हे चाललं. हे काम रहदारीच्या रस्त्यावर कोणी करू नये.

पॅड बसवून घेण्यासाठी ताशी ३५ मैलांवरून ५पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग कमी केला. मग ब्रेक न लावता बराच वेळ चालवून थंड होऊ दिलं. गरम डिस्कवर पाय दाबून उभं राहू नका, पॅडचा थर एकाच जागी बसतो आणि पुढे पेडल थरथरतं.

मग वापरात काय फरक पडला? ब्रेक मारून थांबण्याचं अंतर निम्मं झालं वगैरे दावे मी करणार नाही. कोरड्या रस्त्यावर पहिल्या ब्रेकला टायरच मर्यादा ठरवतात. फरक आहे तो दहाव्या ब्रेकला. खिंडीवरून उतरताना आता लेक्सिंग्टन जलाशय उजवीकडे मागे पडेपर्यंत पेडल तिथल्या तिथेच असतं. जानेवारीच्या पावसात, रस्त्यावर पाणी साचलेलं असताना, समोर कोणीतरी अचानक थांबलं तेव्हा गाडी सरळ रेषेत थांबली. स्टिअरिंग धरून सावरावं लागलं नाही. मागच्या सीटवर आई होती. तिला काही जाणवलंही नाही, आणि मला नेमकं हेच हवं होतं.

पायाला मात्र जोर लागतो. ड्रमसारखी स्वतःहून जोर वाढवण्याची सोय डिस्कमध्ये नाही. बायकोला सुरुवातीला हे जड गेलं. तिला नवी टोयोटा चालवायची सवय, तिथे बूस्टर असतो. आता ती बेताने दाबते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाने बूस्टरचा विचार जरूर करावा. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला बारीक किंचाळणं येतं, मग थांबतं. पुढच्या चाकांवर काळी भुकटी बसते, दर आठवड्याला धुवावी लागते.

ऑइल डॉट ४ वापरतो. नवं असताना ते निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदलून हवा काढायचं ठरवलं आहे. ते सांडलं तर फेंडरचा रंग उडवतं, तेव्हा पाण्याची बादली शेजारी हवीच.

जुने स्पिंडल, ड्रम, बॅकिंग प्लेट आणि एका कप्प्याचा मास्टर सिलिंडर तेल लावून, चिठ्ठ्या बांधून एका खोक्यात ठेवले आहेत. गाडीच्या मूळ रूपात मी एकही भोक पाडलेलं नाही, त्यामुळे पुढच्या मालकाला हवं असेल तर एका शनिवार-रविवारी सगळं परत बसवता येईल.