पोलीस स्टेशनच्या आवारातलं महिला समुपदेशन केंद्र, नवी मुंबई: माझा रिव्ह्यू (४/५)

हॉटेलचे, पार्लरचे, फ्रिजचे रिव्ह्यू आपण सगळेच टाकतो, पण अशा केंद्राबद्दल कोणी लिहीत नाही, मग वेळ आली की बाईला कळतच नाही कुठे जायचं आणि गेल्यावर तिथे नक्की काय होतं, म्हणून लिहितेय. केंद्र कुठलं ते मुद्दाम सांगत नाही कारण बायकोला शोधत फिरणारे नवरेही हे वाचू शकतात. तुम्हाला जवळचं कुठलं ते हवं असेल तर १८१ (महिला हेल्पलाइन) ला फोन करा, ते सांगतात. आणि आत्ता या क्षणी मारहाण चालू असेल तर केंद्र वगैरे राहू दे, थेट पोलिसांचा ११२.

मी गेले होते एका ओळखीच्या मुलीबरोबर (तिची ओळख पटेल असं सगळं बदललंय). ऐरोलीला आयटीत नोकरी, पगार चांगला, पण बँकेत मोबाईल नंबर नवऱ्याचा दिलेला, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे जाणार, आणि एटीएम कार्ड सासूच्या कपाटात. हिच्या हातात रोज रिक्षापुरते पैसे. हात उचलायचा तो अधूनमधून, त्यामुळे ती स्वतःच म्हणायची की माझं काही एवढं नाहीये ताई, लोकांकडे किती वाईट असतं. मग एकदा कानाखाली अशी बसली की कानात सतत शिट्टी वाजल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा कुठे ती घराबाहेर पडायला तयार झाली.

आधी आम्ही एका चौकीत गेलो होतो, तिथे "घरातलं आहे, घरातच मिटवा" हे ऐकून आणि एक एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) हातात घेऊन परत आलो. त्यामुळे केंद्रातही तेच होणार असं धरूनच चाललो होतो.

तसं झालं नाही. पहिली गोष्ट म्हणजे तिथल्या समुपदेशक मॅडमनी मला बाहेर बसायला सांगितलं. "तुम्ही सोबत आलात ते चांगलंच झालं, पण आधी मी तिच्याशी एकटीशी बोलणार." हे मला फार पटलं. बाई आई समोर असेल तर आईला बरं वाटेल असं बोलते, मैत्रीण असेल तर मैत्रिणीला, आणि खरं काय ते पोटातच राहतं. मला नंतर आत बोलावलं तेव्हा ती रडून मोकळी झाली होती आणि समोर कागदावर तारखा लिहिलेल्या होत्या. तिला एकही तारीख आठवत नव्हती म्हणे. मग मॅडम विचारत गेल्या, हे गणपतीच्या आधी झालं की नंतर, तेव्हा मुलाची परीक्षा होती का, त्या दिवशी ऑफिसला गेली होतीस का, आणि असं करत करत चार वर्षांचं सगळं कागदावर आलं. पुढे संरक्षण अधिकाऱ्यांकडे (अशा बायकांच्या मदतीसाठी सरकारने नेमलेले अधिकारी) घरगुती घटना अहवाल भरताना हाच कागद कामाला आला. ते याला डीआयआर म्हणतात, कोर्टात अर्जासोबत जातो.

दुसरं म्हणजे कोणी "जुळवून घे" म्हणालं नाही, आणि "सोडून दे" पण म्हणालं नाही. विचारलं की तुला काय हवंय. तिला नवऱ्याला जेलमध्ये टाकायचं नव्हतं, मार थांबायला हवा होता आणि पगार स्वतःच्या हातात हवा होता, बस. तेव्हा मॅडमनी समजावलं की २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नेमका यासाठीच आहे. त्यात फक्त मारहाण नाही, शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती आणि पैसे अडवून ठेवणं हे सगळं हिंसाचारातच मोडतं. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून संरक्षण आदेश मागता येतो, राहत्या घरातून काढू नये असा आदेश मागता येतो, खर्चाला पैसे मागता येतात. अटकेचा प्रश्न येतो तो आदेश मोडला की, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ४९८अ जे आपण ऐकतो, नवरा-सासरच्यांनी केलेल्या छळाचं कलम (आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५), तो वेगळा, फौजदारी रस्ता, तो हवा तर आहेच. फ्लॅट सासूच्या नावावर म्हणून ही कायम घाबरलेली असायची, तर सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय की सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घर असलं तरी ती तिथे संसार करत राहत असेल तर तिथे राहण्याचा हक्क मागू शकते. हे ऐकल्यावर तिचा चेहरा जो बदलला ना! आणि वकील फुकट, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे मला या वयात पहिल्यांदा कळलं, आणि मी बऱ्यापैकी पेपर वाचणारी बाई आहे.

निघताना सांगितलं की आधार, पासबुक, मुलाचा जन्मदाखला आणि दागिन्यांच्या पावत्या यांची एक पिशवी माहेरी किंवा विश्वासातल्या कोणाकडे ठेव, आणि बँकेतला नंबर बदलायचा तो घरातून बाहेर पडून सुरक्षित जागी गेल्यावरच, कारण मेसेज गेला की त्याला कळणार आणि तिथेच भडका उडणार. इतका बारीक विचार मी तरी केला नसता.

नंतर आम्ही त्यांना सोसायटीत बोलवलं. कमिटीतल्या एकांचं म्हणणं की आपल्याकडे असलं काही नाही, तरी क्लबहाऊस मिळालं. बायका होत्याच पण मॅडमनी वॉचमन, लिफ्टवाले आणि घरकामाच्या मावशींनाही बसवायला लावलं, कारण कुठल्या घरात काय चाललंय ते सगळ्यात आधी त्यांना कळतं. रात्री आवाज आला तर काय करायचं यावर सगळे गप्प. त्यांनी सांगितलं, बेल वाजवा, काहीही मागा, दूध मागा, वायफाय चालू आहे का विचारा. मारणाऱ्याला कळलं पाहिजे की बाहेर कोणीतरी जागं आहे, आणि धोका वाटला तर एकट्याने आत शिरायचं नाही, ११२ लावायचा. आणि कायद्यात शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येतं, चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर काही येत नाही, हे कलम ४ मध्येच आहे. "आपण कशाला मध्ये पडा" म्हणणारे दोन काका त्यानंतर बरंच काही विचारत होते.

आता एक स्टार का कापला. बाहेर बाकडं एकच, आणि ते पासपोर्ट व्हेरिफिकेशनच्या रांगेला लागून. तुमच्याच बिल्डिंगचा कोणी तिथे उभा असला की संपलं. आत पार्टिशन अर्धंच आहे, पलीकडच्या बाईचं बोलणं ऐकू येतं, तिचंही आणि आपलंही. बोर्ड जिन्याच्या मागे, आम्ही तीन जणांना विचारत पोचलो. समुपदेशक दोनच आणि त्यातल्या एक कोर्टात गेल्या की दिवसभर एकीवरच सगळा भार. शिवाय शनिवार-रविवार बंद, आणि मारहाण तर सुट्टीच्या दिवशीच जास्त होते, नवरा घरी असतो ना. यात तिथल्या बायकांचा दोष नाही, माणसं आणि जागा वाढवायला हवी, आणि हे आपण नगरसेवकाला गटाराइतक्याच जोरात सांगायला पाहिजे.

तिची केस चालू आहे. कायदा म्हणतो पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा, तारखा मात्र पडतच आहेत. पण पगार आता तिच्या हातात आहे आणि कानावर उपचार चालू आहेत.

जाणार असाल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा, दुपारनंतर गर्दी होते. लहान मूल असेल तर खाऊ आणि पाण्याची बाटली न्या, वेळ लागतो. डॉक्टरकडे गेला असाल तर केसपेपर न्या, जखमेचे फोटो असतील तर ते घरातल्या कोणाला उघडता येणार नाहीत अशा ठिकाणी ठेवून न्या. यातलं काहीच नसलं तरी जा, आम्ही गेलो तेव्हा आमच्याकडे फक्त ती एनसी होती.